सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या प्रमाणपत्र परीक्षा : स्वअभ्यासाच्या साहित्याची पारख

सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या (म्हणजे सर्व्हर आणि संगणक यंत्रणा सांभाळण्याच्या कामाच्या) प्रमाणपत्र परीक्षेची तयारी क्लास न लावता, स्वतःच्या वेळात करणाऱ्याला साहित्याची टंचाई भासत नाही. जाडजूड मार्गदर्शक पुस्तके, कित्येक तासांचे व्हिडिओ कोर्स, परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीच मोफत दिलेले पाठ, सरावप्रश्नांचे संच, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या लॅब आणि अधिकृत दस्तऐवज हे सगळे एकाच वेळी समोर असते, आणि यातले काय घ्यावे हे ठरवण्यातच सुरुवातीचे कित्येक दिवस निघून जातात. या लेखात मी त्यातल्या मुख्य प्रकारांची आणि काही ठरावीक साहित्याची पारख करणार आहे. कसोटी एकच ठेवली आहे : पुस्तक मिटल्यावर आणि व्हिडिओ थांबल्यावर विद्यार्थ्याच्या हातून प्रत्यक्ष काय होऊ शकते? मांडणी किती देखणी आहे किंवा समजावण्याची पद्धत किती रंजक आहे, याला मी दुय्यम मानतो.

साहित्य निवडण्याआधी परीक्षा कशी घेतली जाते हे पाहणे भाग आहे, कारण लिनक्स या सर्व्हरवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणालीची परीक्षा या एकाच नावाखाली फार वेगवेगळे प्रकार येतात. लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटच्या (एलपीआय) एलपीआयसी-१ या प्रमाणपत्रासाठी १०१-५०० आणि १०२-५०० असे दोन पेपर द्यावे लागतात. प्रत्येक पेपरात ९० मिनिटांत ६० प्रश्न असतात, त्यातले बरेचसे पर्यायी आणि काही रिकाम्या जागा भरण्याचे असतात, आणि २०० ते ८०० या गुणश्रेणीत ५०० गुणांना उत्तीर्ण धरतात. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या आरएचसीएसए परीक्षेत पर्याय निवडायचा प्रश्नच येत नाही. चालू यंत्रणा समोर ठेवली जाते, कामांची यादी दिली जाते, आणि शेवटी यंत्रणा कोणत्या अवस्थेत आहे हे तपासून ३०० पैकी गुण दिले जातात. उत्तीर्ण होण्यासाठी २१० लागतात. लिनक्स फाउंडेशनची एलएफसीएस ही दोन तासांची परीक्षाही अशीच प्रात्यक्षिक आहे. कॉम्पटियाची लिनक्स प्लस या दोन्ही प्रकारांच्या मधे बसते : ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, त्यात बहुतेक पर्यायी आणि काही प्रत्यक्ष काम करून दाखवण्याचे.

या फरकाचा परिणाम साहित्यावर थेट होतो. केवळ वाचून आणि प्रश्न सोडवून तयार झालेला विद्यार्थी आरएचसीएसएच्या टर्मिनलसमोर (कमांड टाइप करण्याच्या खिडकीसमोर) अडखळतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. याच्या उलट बाजूकडे मात्र फारसे कुणी लक्ष देत नाही. जो रोज सर्व्हर सांभाळतो तोही एलपीआयसीच्या रिकाम्या जागांपुढे अडतो, कारण प्रत्यक्ष कामात टॅब दाबला की कमांड आणि फाइलचा मार्ग आपोआप पूर्ण होतो, जुनी कमांड इतिहासातून उचलता येते, आणि एखाद्या पर्यायाचे अक्षर नेमके कोणते याची आठवण ठेवण्याची गरजच पडत नाही. परीक्षेत तेच अक्षर आणि तोच मार्ग अचूक लिहावा लागतो. त्यामुळे एका परीक्षेसाठी उत्तम ठरलेले साहित्य दुसऱ्या परीक्षेसाठी अपुरे असू शकते, आणि अमुक पुस्तक चांगले आहे का, या प्रश्नाला परीक्षेचे नाव घेतल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

सर्वांत मोलाचे साहित्य मोफत मिळते, आणि ते फारच थोडे लोक नीट वाचतात : परीक्षेच्या उद्दिष्टांची अधिकृत यादी. एलपीआयची यादी या बाबतीत आदर्श म्हणावी अशी आहे, कारण तिच्यात प्रत्येक उपविषयापुढे त्याचे वजन दिलेले असते आणि संबंधित फाइली, संज्ञा आणि कमांड नावानिशी लिहिलेल्या असतात. १०१-५०० या पेपराच्या सगळ्या उपविषयांच्या वजनांची बेरीज ६० येते, म्हणजे प्रश्नांच्या संख्येइतकीच. साहजिकच कोणत्या विषयावर साधारण किती प्रश्न येतील याचा अंदाज यादीवरूनच बांधता येतो. त्या ६० पैकी २६ वजन जीएनयू आणि युनिक्स कमांड या एकट्या विषयाला आहे. यंत्रणेच्या रचनेला ८, इन्स्टॉलेशन आणि पॅकेज (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे) व्यवस्थापनाला १२, आणि डिस्क व फाइल सिस्टमला १४. आता बाजारातले कोणतेही मार्गदर्शक पुस्तक घेऊन त्याची पाने मोजून पाहावीत. हार्डवेअर आणि बूट प्रक्रियेवर पानेच्या पाने खर्च करून मजकूर गाळण्याच्या कमांड, पाइप (एका कमांडचा निकाल दुसरीला देणे), रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर शोधण्याचे नमुने) आणि व्हीआय संपादक यांना थोडक्यात आटोपणारे पुस्तक कितीही विद्वत्तापूर्ण असले, तरी या परीक्षेसाठी त्याचा तोल चुकलेला आहे असे मी म्हणेन.

रेड हॅटच्या यादीत वजने नसतात, पण तिच्यातले एक वाक्य सगळ्या साहित्याची पारख करायला पुरेसे आहे : केलेली प्रत्येक रचना यंत्रणा रीबूट केल्यानंतर, कोणीही हात न लावता, टिकून राहिली पाहिजे. आरएचसीएसएच्या सरावाचे म्हणून जे काही विकले जाते, त्यात प्रत्येक कामानंतर रीबूट करून पडताळणी करायला लावतात का, हे आधी पाहावे. जे साहित्य फाइल सिस्टम माउंट करून (वापरासाठी जोडून) दाखवते पण सुरू होताना काय जोडायचे हे यंत्रणेला सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमधली नोंद पुढच्या प्रकरणावर ढकलते, किंवा फायरवॉलचा नियम चालू सत्रात लावून पुढे निघून जाते आणि तो कायम करण्याचा पर्याय तळटीपेत सांगते, ते विद्यार्थ्याच्या हाताला चुकीची सवय लावते.

आता ठरावीक साहित्याकडे वळतो. एलपीआयने स्वतः तयार केलेले शैक्षणिक पाठ मोफत उपलब्ध आहेत, अनेक भाषांत आहेत, संकेतस्थळावर वाचता येतात आणि पीडीएफ स्वरूपात उतरवूनही घेता येतात. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली ते दिले आहेत, त्यानुसार श्रेय देऊन, व्यापारी हेतू न ठेवता आणि मजकुरात बदल न करता ते इतरांना देता येतात. अभ्यासगटासाठी ही मोठी सोय आहे. प्रत्येक पाठाची रचना ठरलेली असते : विवेचन, मार्गदर्शित सराव, शोधक सराव, सारांश आणि शेवटी दोन्ही सरावांची उत्तरे. पाठांचे क्रमांक उद्दिष्टांच्या क्रमांकांशी जुळतात, त्यामुळे यादीतला एखादा मुद्दा सुटला आहे का हे वेगळे तपासत बसावे लागत नाही.

या पाठांचे खरे बळ शोधक सरावात आहे. मार्गदर्शित सराव बहुधा नुकत्याच वाचलेल्या मजकुराची उजळणी असतो, परंतु शोधक सरावातले प्रश्न पाठात सरळ न सांगितलेल्या गोष्टीकडे नेतात आणि त्यासाठी मॅन पेज (कमांडचे यंत्रणेतच असलेले माहितीपान) उघडावे लागते किंवा टर्मिनलवर करून पाहावे लागते. विद्यार्थ्याने उत्तरांचा भाग आधी न उघडता हे प्रश्न लिहून सोडवले, तर या मोफत पाठांतून एखाद्या महागड्या कोर्सपेक्षा जास्त हाती लागते, असे माझे स्पष्ट मत आहे. उणिवाही सांगितल्या पाहिजेत. परीक्षेच्या धर्तीवरचे, वेळ लावून सोडवायचे पुरेसे प्रश्न या पाठांत नाहीत, आणि वेगवेगळ्या लेखकांनी लिहिल्यामुळे काही पाठ सविस्तर तर काही घाईत उरकल्यासारखे वाटतात. त्यामुळे एलपीआयसी-१ साठी हे पाठ पाया म्हणून घ्यावेत आणि त्यांना प्रश्नांच्या एका चांगल्या संचाची जोड द्यावी. कमांड लाइनशी अजिबात ओळख नसेल, तर त्याआधी त्याच संस्थेच्या लिनक्स इसेन्शियल्सचे पाठ वाचणे हितावह आहे; ४० प्रश्नांची ती छोटी परीक्षा दिली नाही तरी चालते.

छापील पुस्तकांबाबत पहिला प्रश्न आवृत्तीचा. या क्षेत्रातले ज्ञान एकाच वेगाने जुने होत नाही, आणि म्हणूनच जुन्या पुस्तकाचा धोका लवकर लक्षात येत नाही. फाइलच्या परवानग्या, शेलची (कमांड स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅमची) रचना, पाइप आणि मजकूर हाताळणाऱ्या कमांड यांवरचे वीस वर्षांपूर्वीचे प्रकरणही आज तितकेच उपयोगी असते. नेटवर्क, सेवा सुरू-बंद करणे, फायरवॉल आणि पॅकेज व्यवस्थापन यांचे तसे नाही. रेड हॅट लिनक्सच्या २०१४ सालच्या सातव्या आवृत्तीत सेवा सांभाळणारे सिस्टमडी आले; २०१९ च्या आठव्या आवृत्तीत पॅकेज बसवणाऱ्या यमची जागा डीएनएफने घेतली आणि कंटेनरसाठी (प्रोग्रॅम इतरांपासून वेगळे ठेवून चालवण्यासाठी) डॉकरऐवजी पॉडमॅन पुढे आला; २०२२ च्या नवव्या आवृत्तीत नेटवर्कच्या जुन्या स्क्रिप्ट निघून गेल्या आणि सगळा भार नेटवर्कमॅनेजरवर आला. २०२५ मध्ये दहावी आवृत्ती बाहेर पडली. पुस्तक चाळताना नेटवर्कचे प्रकरण उघडून त्यात एनएमसीएलआय ही नेटवर्कमॅनेजरची कमांड शिकवली आहे की केवळ जुन्या स्क्रिप्ट फाइली लिहायला सांगितल्या आहेत, एवढे पाहिले तरी आरएचसीएसएसाठी ते पुस्तक घ्यावे की नाही याचा निर्णय बऱ्याच अंशी होतो.

हाच निकष एलपीआयसीला जसाच्या तसा लावता येणार नाही. ती परीक्षा कोणत्याही एका कंपनीच्या लिनक्सशी बांधलेली नाही, तिच्या उद्दिष्टांत सिस्टमडीबरोबर सिसव्हीइनिट आणि रनलेव्हल (यंत्रणा सुरू करण्याची आधीची पद्धत आणि तिच्या अवस्था) अजूनही आहेत, आणि डेबियनची पॅकेजपद्धती व रेड हॅट कुळाची आरपीएम पॅकेजपद्धती या दोन्हींना प्रत्येकी ३ असे सारखेच वजन आहे. म्हणून त्या पुस्तकात रनलेव्हल दिसले की ते कालबाह्य ठरवण्याची घाई करू नये. तिथे दुसरी खूण तपासावी. २०१८ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या यादीत १०४.३ नंतर थेट १०४.५ हा क्रमांक येतो, कारण डिस्क कोटा (वापरकर्त्याला जागेची मर्यादा घालणे) हा १०४.४ क्रमांकाचा विषय वगळला गेला. ज्या पुस्तकात डिस्क कोट्यावर परीक्षेचा भाग म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे, ते आधीच्या आवृत्तीसाठी लिहिलेले आहे हे निश्चित.

जुन्या पुस्तकांच्या व्यवहारात सर्वांत मोठी फसगत आरएचसीई (रेड हॅटचे वरच्या पातळीचे प्रमाणपत्र) आणि एमसीएसई (मायक्रोसॉफ्टचे जुने प्रमाणपत्र) यांच्याबाबत होऊ शकते. आरएचसीईची परीक्षा रेड हॅट लिनक्सच्या आठव्या आवृत्तीपासून जवळजवळ पूर्णपणे अ‍ॅन्सिबलवरच्या स्वयंचलनाची झाली, तर आधीची परीक्षा वेगवेगळ्या नेटवर्क सेवा हाताने उभ्या करण्याची होती. नाव तेच राहिले आणि आशय पालटला. मायक्रोसॉफ्टची एमसीएसई ही प्रमाणपत्रे ३१ जानेवारी २०२१ रोजी बंदच झाली. त्या नावाची पुस्तके अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीची (वापरकर्ते आणि संगणक यांची मध्यवर्ती नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेची) मूळ संकल्पना समजून घ्यायला आजही वाईट नाहीत, पण त्यांच्या आधारे कोणतीही चालू परीक्षा देता येत नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेसाठी माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित पाठ्यपुस्तक म्हणजे यंत्रणेतच असलेली मॅन पेजेस. आरएचसीएसएच्या परीक्षेत इंटरनेट नसते, स्वतःच्या टिपणवह्या नसतात. यंत्रणेबरोबर आलेले दस्तऐवज मात्र हाताशी असतात. म्हणजे ज्या साहित्याने विद्यार्थ्याला मॅन पेज वाचायची सवय लावली नाही, त्याने त्याला परीक्षेतल्या एकमेव सोबत्याची ओळखच करून दिली नाही. आणि ही पाने समजली जातात तितकी रुक्ष नसतात. एसईलिनक्स या सुरक्षाव्यवस्थेत फाइलला कोणते लेबल असावे याचा नियम ठरवणाऱ्या सिमॅनेज-एफकॉन्टेक्स्ट या कमांडच्या पानाच्या शेवटी नेमके ते क्लिष्ट रेग्युलर एक्स्प्रेशन असलेले उदाहरण दिलेले आहे, जे पाठ करण्यात लोक आपली शक्ती घालवतात. नेटवर्कच्या कमांडसाठी एनएमसीएलआय-एक्झाम्पल्स नावाचे वेगळे पानच आहे. ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनची वेळ कशी लिहायची हे क्रॉनटॅबच्या पाचव्या विभागातल्या पानात असते, पहिल्या विभागातल्या पानात नसते. हा विभागांचा फरक जे पुस्तक समजावून सांगते, त्याला मी झुकते माप देतो. पानाचे नावच आठवत नसेल तर मॅन कमांडला के हा पर्याय देऊन शब्दावरून पान शोधता येते, आणि नव्या यंत्रणेवर काहीच सापडले नाही तर मॅनडीबी चालवून सूची तयार करून घ्यावी लागते. एवढ्या चार गोष्टी हातात बसल्या की पाठांतराचा निम्मा भार उतरतो.

लॅबशिवाय यातल्या कशाचाच उपयोग नाही, आणि लॅब उभी करणे आता पैशांवर अडत नाही. रेड हॅटने फेब्रुवारी २०२१ पासून वैयक्तिक डेव्हलपर सदस्यत्वात १६ यंत्रणांपर्यंत मूळ रेड हॅट लिनक्स मोफत वापरायची मुभा दिली आहे. रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स हे तिच्याशी सुसंगत आणि मोफत पर्याय आहेत. जुने साहित्य अजूनही सेंटओएस लिनक्स ही रेड हॅटशी सुसंगत मोफत प्रणाली उतरवून घ्यायला सांगते, तो सल्ला मात्र सोडून द्यावा : तिची आठवी आवृत्ती ३१ डिसेंबर २०२१ रोजी आणि सातवी ३० जून २०२४ रोजी संपली, आणि त्यानंतर ठरलेल्या पत्त्यांवरून पॅकेजे मिळत नसल्याने नवा विद्यार्थी पहिल्याच पायरीवर अडकतो. विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची मूल्यमापन आवृत्ती मायक्रोसॉफ्ट देते, तेवढा काळ अभ्यासाला पुरतो.

आरएचसीएसएसाठी व्हर्च्युअलबॉक्स किंवा केव्हीएमवर (एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या साधनांवर) दोन यंत्रणा पुरेशा होतात, एक सेवा देणारी आणि एक घेणारी, आणि त्यातल्या एकीला दोन-तीन रिकाम्या डिस्क जोडलेल्या असाव्यात, म्हणजे पार्टिशन, एलव्हीएम आणि स्वॅप या डिस्कच्या कामांचा सराव मनसोक्त करता येतो. एलपीआयसीसाठी मात्र एक डेबियन कुळातली आणि एक आरपीएम कुळातली अशी जोडी ठेवावी. स्नॅपशॉट (यंत्रणेच्या त्या क्षणीच्या अवस्थेची प्रत) घेऊन ठेवला की यंत्रणा निर्धास्तपणे बिघडवता येते, आणि बिघडवणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे. एफएसटॅबमध्ये मुद्दाम चुकीची ओळ लिहून रीबूट करावे, यंत्रणा आणीबाणीच्या अवस्थेत थांबते ती पाहावी, तिथून ती दुरुस्त करावी, आणि मग फाइंडमाउंट कमांडचा व्हेरिफाय पर्याय वापरून तीच चूक रीबूटच्या आधी कशी पकडता आली असती हे पाहावे. वेब सर्व्हरला वेगळ्या पोर्टवर बसवून एसईलिनक्स त्याला का अडवते याचा माग लॉगमधून काढावा. असे मोडून दुरुस्त करायचे प्रसंग आखून देणारे पुस्तक किंवा कोर्स दुर्मीळ असतो. मिळाला तर तो अवश्य घ्यावा.

इंटरनेटवरच्या तयार लॅबविषयी माझे मत त्यामुळेच मर्यादित कौतुकाचे आहे. ओव्हरदवायर या संकेतस्थळावरचा बँडिट हा मोफत खेळ एसएसएचने (दूरच्या सर्व्हरशी सुरक्षितपणे) जोडून खेळायचा असतो, आणि शेल, फाइलच्या परवानग्या व शोधण्याच्या कमांड नवख्याच्या बोटांत बसवायला त्याच्यासारखे साधन मला माहीत नाही. परंतु तयार वातावरणात बहुधा बूट प्रक्रिया मधेच थांबवता येत नाही, रूट या सर्वाधिकारी खात्याचा विसरलेला पासवर्ड बदलण्याचा सराव होत नाही, आणि डिस्कवर हवे ते करता येत नाही. शिवाय अशी सेवा कधीही बंद होऊ शकते. कॅटाकोडा हे अशा लॅबचे अतिशय लोकप्रिय संकेतस्थळ २०२२ मध्ये सर्वांसाठी बंद झाले आणि तिथल्या लॅबवर आधारलेले कित्येक कोर्स रातोरात लंगडे पडले. स्वतःच्या संगणकावरची लॅब कोणाच्या धोरणावर अवलंबून नसते.

मायक्रोसॉफ्ट लर्न या मायक्रोसॉफ्टच्या शिक्षणाच्या संकेतस्थळाची पारख वेगळ्या तऱ्हेने करावी लागते. अ‍ॅझ्युर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या एझेड-१०४ या (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेवरच्या) परीक्षेचे सगळे पाठ तिथे मोफत आहेत, परीक्षेच्या धर्तीवरची सराव चाचणीही मोफत आहे, आणि उत्तरांबरोबर संबंधित दस्तऐवजाचा दुवा दिलेला असतो. ऑगस्ट २०२३ पासून अशा भूमिका-आधारित परीक्षांमध्ये प्रत्यक्ष परीक्षा चालू असतानाही मायक्रोसॉफ्ट लर्न उघडायची परवानगी आहे. यावरून पाठांतराची गरज संपली असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल, कारण त्यासाठी वाढीव वेळ मिळत नाही. ज्याला माहिती कुठे आहे हे आधीपासून ठाऊक आहे, त्यालाच ती सोय उपयोगी पडते. म्हणून या परीक्षेची तयारी दुसऱ्या कोणत्याही पुस्तकातून केली तरी संदर्भ मायक्रोसॉफ्ट लर्नमध्येच शोधायची सवय ठेवावी. पाठांच्या शेवटी येणारे प्रश्न मात्र फार सोपे असतात, त्यांची उत्तरे बरोबर आली म्हणून विषय आला असे समजू नये. क्लाउडमधले साहित्य किती झपाट्याने शिळे होते याचे उदाहरण इथेच सापडते : २०२३ मध्ये अ‍ॅझ्युर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचे नाव मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडी झाले आणि त्याआधीची सगळी छापील चित्रे व चित्रफिती एका झटक्यात जुन्या दिसू लागल्या. अ‍ॅझ्युरसाठी छापील पुस्तकावर फार खर्च करू नये असे मला याच कारणाने वाटते. सराव करताना खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत गेल्यास इशारा देणारी सूचना लावून ठेवावी आणि काम संपताच तयार केलेली संसाधने पुसून टाकावीत.

व्हिडिओ कोर्सविषयी थोडक्यात सांगतो. नवी संकल्पना पहिल्यांदा समजून घ्यायला ते उत्तम असतात. पण जाणकार माणूस कमांड देताना पाहिले की आपल्यालाही ती येते असे वाटू लागते, आणि ओळखणे व आठवणे यांतली दरी परीक्षेतच कळते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात हेच दिसले होते : मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना लगेच घेतलेल्या चाचणीत जास्त आठवले, पण आठवड्यानंतर स्वतःची परीक्षा घेतलेल्यांची आठवण सरस ठरली. तेव्हा कोर्स घ्यायचाच असेल तर लहान भागांचा घ्यावा, आणि प्रत्येक भागानंतर व्हिडिओ बंद करून तेच काम कोऱ्या यंत्रणेवर करावे. रिकाम्या जागांसाठी अंकीसारखे, ठरावीक अंतराने प्रश्न पुन्हा पुढे आणणारे मोफत साधन फार कामाचे आहे. मात्र त्यातली कार्डे स्वतः लिहावीत. दुसऱ्याने बनवलेल्या हजारो कार्डांच्या संचात आपल्या शंकांना जागा नसते.

सरावप्रश्नांचे संच निवडताना प्रश्नांची संख्या पाहू नये, स्पष्टीकरणे वाचावीत. बरोबर पर्याय का बरोबर हे सगळेच सांगतात. बाकीचे पर्याय का चूक हे जो संच सांगतो, तो एका प्रश्नातून चार गोष्टी शिकवतो. डम्प या नावाने विकले जाणारे, प्रत्यक्ष परीक्षेतून उचललेले प्रश्न मी कोणत्याही परिस्थितीत घेऊ नयेत असे म्हणेन. परीक्षेआधी प्रत्येक उमेदवार गोपनीयतेच्या करारावर संमती देतो, त्याचा भंग सिद्ध झाल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते आणि पुढच्या परीक्षांना बंदी येऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट अशी, की उद्या ज्याच्या हाती इतरांचा डेटा आणि सर्व्हर सोपवले जाणार आहेत, त्याने या पेशाची सुरुवात चोरलेल्या कागदाने करणे मला असह्य वाटते. त्यातली उत्तरे पुष्कळदा चुकीची असतात ते वेगळेच.

साहित्यावर किती खर्च करावा हे ठरवताना प्रमाणपत्राची मुदतही लक्षात घ्यावी. एलपीआयसी पाच वर्षे टिकते, रेड हॅट आणि कॉम्पटियाची प्रमाणपत्रे तीन वर्षे, एलएफसीएस दोन वर्षे. मायक्रोसॉफ्टची भूमिका-आधारित प्रमाणपत्रे वर्षभरच चालतात, पण मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत मोफत ऑनलाइन चाचणी देऊन ती वाढवता येतात. वार्षिक वर्गणीचे संकेतस्थळ घेण्याआधी आपला अभ्यास खरोखर वर्षभर चालणार आहे का याचा विचार करावा; एकाच परीक्षेसाठी बहुधा दोन-तीन महिन्यांचे सदस्यत्व पुरते.

शेवटच्या टप्प्यावर खऱ्या परीक्षेसारखी रंगीत तालीम हवी असते. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीच्या सीकेए परीक्षेच्या शुल्कात किलर डॉट एसएच या सिम्युलेटरची दोन सत्रे मिळतात, प्रत्येक सत्र सुरू केल्यापासून ३६ तास खुले राहते, आणि त्यातले प्रश्न परीक्षेपेक्षा मुद्दाम अवघड ठेवलेले असतात. पहिले सत्र तयारी अर्धी झाल्यावर आणि दुसरे परीक्षेच्या काही दिवस आधी वापरणे उत्तम. आरएचसीएसएसाठी असे काही शुल्कासोबत मिळत नसल्याने तालीम स्वतःच घडवावी लागते : उद्दिष्टांच्या यादीतून पंधरा-वीस कामे एका कागदावर लिहावीत, स्वच्छ स्नॅपशॉटवर इंटरनेट तोडून आणि घड्याळ लावून ती करावीत, मग यंत्रणा रीबूट करून प्रत्येक काम टिकले आहे का ते एकेक करून तपासावे. ही तपासणी आपोआप करून गुण दाखवणारी स्क्रिप्ट ज्या पुस्तकाबरोबर किंवा कोर्सबरोबर मिळते, त्याची किंमत इतरांपेक्षा थोडी जास्त असली तरी मी तेच घ्यायला सांगेन.